चकलीच्या पाकिटावरचं लेबल: नियम बदलला की काय करायचं

गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो. दिवाळीच्या फराळाचे पाऊच छापायला टाकायचे असतात, आणि नेमका तेव्हाच कुठल्यातरी ग्रुपवर 'लेबलचा नवीन नियम आला, जुने पाऊच चालणार नाहीत' असा मेसेज फिरलेला असतो. सांगली-मिरज भागातल्या बचत गटांना आणि घरून फराळ विकणाऱ्यांना लेबलचा मजकूर करून देणं हे माझं काम. "ताई, आता सगळं लेबल बदलायचं का?" या प्रश्नावर मी उलट विचारते, "तुमची वजनाची वही कुठाय?"

प्रत्येक पदार्थात काय, किती, कुठल्या कंपनीचं आणि तयार माल किती निघाला हे जिच्यात लिहिलेलं असतं, ती वही. ती असेल तर नियम कितीही बदलोत, लेबल सुधारणं एका दुपारचं काम आहे. नसेल तर डीटीपीवाला (लेबलची मांडणी करणारा) दुसऱ्याच्या पाकिटावरचा तक्ता उचलून तुमच्या पाकिटावर चिकटवतो आणि तुमच्या चकलीवर भलत्याच चकलीचे आकडे छापले जातात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता वहीशिवाय कामाला हातच लावत नाही.

मेसेज आला, आधी हे बघा

फिरत आलेला कागद चार प्रकारचा असू शकतो: मसुदा, अंतिम अधिसूचना, प्राधिकरणाचं सूचनापत्र (आदेशही त्यातच धरा) किंवा नुसती बातमी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, नियम बदलताना आधी मसुदा काढतं आणि लोकांची मतं मागवतं. मसुद्यावरून कुणी पाऊच बदलू नयेत. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाच्या ४४व्या बैठकीत एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापावेत असा प्रस्ताव मंजूर झाला. तो मसुदा काढून मतं मागवण्यासाठी होता, पण दुसऱ्या दिवशी 'आजपासून लागू' अशा पोस्ट फिरत होत्या.

अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. तिच्यात दोन तारखा शोधा: प्रसिद्धीची आणि लागू होण्याची. लेबलसंबंधीच्या दुरुस्त्या दरवर्षी १ जुलैपासून लागू करायच्या आणि मध्ये किमान १८० दिवस द्यायचे, असं प्राधिकरणाचं धोरण आहे. छोट्या उद्योगासाठी ही फार मोठी सोय आहे. पाऊचचे रोल मागवताना १ जुलैच्या आसपास हातात कमीत कमी छापील माल राहील असा हिशेब धरा.

सूचनापत्रं मात्र जपून घ्या. ती लगेच लागू होऊ शकतात आणि मागेही घेतली जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये दूध-तुपावरचे ए१-ए२ (दुधातल्या प्रथिनाच्या प्रकाराचे) दावे काढून टाकण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच मागे घेतला गेला. त्या चार-पाच दिवसांत तुपाचे डबे बदलायला धावलेल्यांचा खर्च कोण भरून देणार? उलट, जून २०२४ मध्ये आटवलेल्या रसात पाणी मिसळून पूर्ववत केलेल्या फळांच्या रसावर '१०० टक्के रस' असं लिहू नका हा आदेश निघाला, तो राहिला. म्हणून मूळ कागद एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या, त्यावरची तारीख वाचा आणि वहीत लावा. फॉरवर्ड आलेल्या फोटोवर विसंबू नका.

सध्याच्या कामाचा पाया म्हणजे लेबलिंग व डिस्प्ले विनियम, २०२०. जाहिरात आणि दाव्यांसाठी २०१८चे वेगळे विनियम आहेत. वजन, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता यांसाठी वैधमापनशास्त्राचे (वजन-मापांच्या कायद्याचे) २०११चे पॅकबंद वस्तूंचे नियम. बाजारात तपासायला येणारे अधिकारीही वेगळे: अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी एक, वैधमापनचे निरीक्षक दुसरे. दोघांच्या याद्या मनात वेगळ्या ठेवल्या की गोंधळ होत नाही.

एक घाणा मोजून करा

आता कामाला लागू. चकलीच घेते, कारण लेबल सगळ्यांत जास्त चुकतं ते तळलेल्या पदार्थांचं.

एक किलो भाजणी घ्या. मोहनासाठी १०० ग्रॅम शेंगदाणा तेल, ४० ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम तिखट, हळद-ओवा-हिंग मिळून २० ग्रॅम. सगळं काट्यावर, चमच्याने नाही. तळणीला कढईत पामोलीन घ्यायचं तेही तोलूनच, समजा ३ किलो. मध्ये वरून तेल घातलं तर तेही लिहा. सगळे घाणे काढून झाले, झारा नीट निथळला, तेल गार झालं, की कढईतलं तेल परत काट्यावर. २ किलो ७०० ग्रॅम भरलं तर ३०० ग्रॅम तेल चकलीत गेलं. शेवटी तयार चकली तोला. या मापाला ती साधारण १ किलो ४५० ग्रॅम भरते. पिठात घातलेलं पाणी तळताना उडून जातं, त्यामुळे ते यादीत येत नाही.

असं किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि सरासरी काढा. पावसाळ्यात पीठ जास्त ओल धरतं, बाई बदलली की चकलीची जाडी बदलते, आणि तेल किती शोषलं जातं ते या दोन्हींवर हलतं.

घटकयादी लावताना

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात, बनवताना घातलेल्या वजनाप्रमाणे. वरच्या वहीत तेल मोहन आणि तळण मिळून ४०० ग्रॅम आहे. म्हणजे भाजणीनंतर लगेच तेल. तरीही निम्म्याहून जास्त पाकिटांवर तेल शेवटी, मिठाच्याही मागे असतं. विचारलं तर म्हणतात, "तळायला लागतं, घालत नाही ना!" पण खाणाऱ्याच्या पोटात ते जातं, म्हणून ते दुसऱ्या नंबरवरच यायला हवं.

नुसतं 'खाद्यतेल' लिहून भागत नाही, कुठलं ते लिहावं लागतं. आपल्या चकलीत दोन तेलं आहेत, दोन्हींची नावं द्या. भाजणी हा मिश्र घटक, म्हणून तिच्यापुढे कंसात तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे असं उलगडून द्यायचं, तेही उतरत्या क्रमाने. मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर हे उलगडणं माफ आहे, पण त्यातली अ‍ॅडिटिव्हज (टिकण्यासाठी, चवीसाठी घातलेली द्रव्यं) सुटत नाहीत. चिवड्यात लिंबूसत्त्व घालता ना? ते सायट्रिक अ‍ॅसिड आहे. त्याचं काम आणि नाव किंवा नंबर द्यायचा: आम्लता नियंत्रक, आयएनएस (अशा द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ३३०. विकतचा चिवडा मसाला घालत असाल तर त्याच्या पाकिटाचा मागचा फोटो काढून वहीत चिकटवा, कारण त्या कंपनीने घटक बदलले की तुमचंही लेबल बदलतं.

आता हिंग, ज्यावर मी सगळ्यांत जास्त भांडते. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग. त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, काहींत तांदळाचं पीठ. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. गहू असेल तर अ‍ॅलर्जीच्या ओळीत गहू आला. चिमूटभर असला तरी ही ओळ सुटत नाही. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) न चालणाऱ्या मुलाची आई 'यात गहू नाही, डाळ-तांदूळच आहे' म्हणून चकली उचलते आणि पोरगं रात्रभर पोट धरून बसतं. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असल्याचा प्रयोगशाळेचा कागद हवा. गव्हाच्या गिरणीतूनच भाजणी दळून आणत असाल तर तो विषयच काढू नका.

अ‍ॅलर्जीची ओळ वेगळी आणि स्पष्ट हवी. आपल्या नियमांच्या यादीत ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट एवढं आहे. मोहनाचं शेंगदाणा तेल लाकडी घाण्यावर काढलेलं असेल तर शेंगदाणाही या ओळीत लिहा. तीळ आपल्या यादीत नाहीत. अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून तिळाचाही उल्लेख सक्तीचा झाला आहे. न्यू जर्सीच्या दुकानात चकली, तिळाची वडी किंवा तिळगूळ जाणार असेल तर ते लेबल वेगळंच करावं लागतं. इथल्या पाकिटावरही तीळ लिहा असं मी सांगते. एक शब्द वाढतो, एवढंच.

त्याच कढईत, त्याच टेबलावर काजूचा चिवडा होत असेल तर 'काजूचा अंश असू शकतो' अशी ओळ द्या. पण ही ओळ सगळीकडे सरसकट छापून हात झटकू नका. खरंच शक्यता असेल तिथेच.

पोषणाचा तक्ता

१०० ग्रॅममागे इतक्या गोष्टी हव्यात: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, त्यांतली एकूण साखर आणि वेगळी घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी, ट्रान्स चरबी, कोलेस्टेरॉल, सोडियम. शेजारच्या रकान्यात एका वाढपातून (एका वेळी खायच्या भागातून) दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो ते. त्यासाठी प्रौढ माणसाची दिवसाची मापं नियमात ठरलेली आहेत: २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, २ ग्रॅम ट्रान्स चरबी, ५० ग्रॅम घातलेली साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम. हे सहा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकडे आणायचे कुठून? लाडू, वड्या, पिठं यांचा पहिला अंदाज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांवरून घरी काढता येतो. त्यांत ५२८ पदार्थांची मापं आहेत. तळलेल्या पदार्थासाठी मी नुसत्या गणितावर लेबल छापू देत नाही. तेलाचा आकडा थोडा हलला की अर्धा तक्ता हलतो. नमुना एफएसएसएआयने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत द्या. गणित मात्र आधी करून ठेवा, म्हणजे आलेला अहवाल डोळे उघडे ठेवून वाचता येतो.

आपल्या चकलीचा अहवाल समजा असा आला, १०० ग्रॅममागे ग्रॅममध्ये: प्रथिनं ९, कर्बोदकं ५५, चरबी ३०, ओलावा ३, राख ३. पहिली तपासणी, पाचांची बेरीज १०० यायला हवी. आली. दुसरी तपासणी ऊर्जेची: प्रथिनांचे ९ गुणिले ४, कर्बोदकांचे ५५ गुणिले ४, चरबीचे ३० गुणिले ९. ३६ अधिक २२० अधिक २७० म्हणजे ५२६ किलोकॅलरी. अहवालात ४२० लिहिलं असेल तर कुठेतरी घोळ आहे, प्रयोगशाळेला विचारा.

मिठाचं गणित वहीवरून थेट होतं. १४५० ग्रॅम चकलीत २५ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण १.७ ग्रॅम. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम, म्हणून ६८० मिलिग्रॅमच्या आसपास. वाढप ३० ग्रॅमचं धरलं तर २०४ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या १० टक्के. चरबी ९ ग्रॅम, ६७ पैकी साडेतेरा टक्के. वाढप मात्र खरं धरा. दहा ग्रॅमचं वाढप छापून टक्के कमी दाखवणारे आहेत. दहा ग्रॅममध्ये मोठी चकली एकसुद्धा येत नाही.

संपृक्त चरबीकडे खास लक्ष द्या. पामोलीनमध्ये ती साधारण ४५ टक्के असते, शेंगदाणा तेलात २० टक्क्यांच्या आसपास. वरच्या मापाने आपल्या चकलीत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम येते, वाढपाला ३.३, म्हणजे दिवसाच्या मापाचे १५ टक्के. हीच चकली पूर्ण शेंगदाणा तेलात तळली तर तो आकडा जवळपास निम्मा होतो. म्हणून तेल महागलं म्हणून हंगामात मध्येच तेल बदललं तर घटकयादी आणि तक्ता दोन्ही बदलायलाच हवेत. मोहनाला वनस्पती तूप घालणाऱ्यांनी ट्रान्स चरबी तपासून घ्यावी. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत ती २ टक्क्यांवर चालत नाही.

गोड पदार्थांत घोटाळा होतो तो गुळावरून. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ घातला की ती घातलेली साखरच. 'शुगर फ्री' लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमहून जास्त असता कामा नये. गुळाच्या लाडवावर 'शुगर फ्री' किंवा 'मधुमेहींसाठी उत्तम' छापलेलं पाहिलं की मला खरोखर राग येतो, कारण ते वाचून खरंच कुणीतरी रोज दोन लाडू खातो. रोग बरा होतो असा कुठलाही दावा पाकिटावर चालत नाही.

पुढच्या बाजूवर

पदार्थाचं नाव स्पष्ट हवं. 'स्वाद' किंवा 'खुसखुशीत' हे नाव नव्हे, 'भाजणीची चकली' हे नाव. शाकाहाराची खूण हिरव्या चौकोनात भरलेलं हिरवं वर्तुळ. दर्शनी भाग १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. मांसाहाराची खूण आता वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण आहे. सुक्या जवळ्याची चटणी विकणाऱ्या कोकणातल्या काही पाकिटांवर अजून जुनं वर्तुळ दिसतं, ते बदला.

एखाद्या घटकाचं चित्र किंवा नाव उठून दाखवलं तर तो किती टक्के आहे ते छापावं लागतं. पाकिटावर बदामांचा ढीग आणि लाडवात दोन टक्के बदाम असेल तर 'बदाम २ टक्के' लिहायची तयारी ठेवा, नाहीतर चित्र काढा. बहुतेक जण हे ऐकल्यावर चित्र काढतात.

भाषेबद्दल: सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही. पण त्याच्या जोडीला मराठी देण्यावर कसलीही बंदी नाही. निदान घटकयादी आणि अ‍ॅलर्जीची ओळ मराठीत द्याच. तुमची निम्मी गिऱ्हाईकं गावातल्या दुकानात उभी राहून वाचणारी आहेत.

बाकी भराभर: एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख, आणि कधीपर्यंत खायचं ती शेवटची तारीख. 'बेस्ट बिफोर' आता ऐच्छिक आहे, शेवटची तारीख सक्तीची. वैधमापनसाठी निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि एकक विक्री किंमत: २०० ग्रॅम ९० रुपयांना असेल तर ग्रॅमला ४५ पैसे. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या पुडीला घटकयादी, पोषण तक्ता अशा काही गोष्टींतून सूट आहे, पण तो मजकूर मोठ्या पाकिटावर किंवा माळेच्या वेष्टनावर द्यावा लागतो.

छपाईला देण्याआधी

किंमत, तारीख, बॅच आणि एकक किंमत कधीच पाऊचवर कायमची छापू नका. मोकळी पट्टी सोडा आणि कोडिंग मशीनने किंवा शिक्क्याने मारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तेव्हा ज्यांची किंमत छापील होती ते ऐन दिवाळीत स्टिकर चिकटवत बसले होते.

सिलिंडरवर (प्रत्येक रंगाचा वेगळा कोरीव रोलर) पाऊच छापत असाल तर सक्तीचा सगळा मजकूर एकाच चौकटीत आणि एकट्या काळ्या रंगात ठेवायला सांगा. मग नियम बदलला की काळ्या रंगाचा एकच सिलिंडर नवा करायचा, बाकीचे रंग तसेच राहतात. तक्ता निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत सुंदर दिसतो, पण दुरुस्तीला दुप्पट पैसे जातात आणि आजोबांना वाचता येत नाही. महिन्याला शे-दोनशे पाकिटंच जात असतील तर साधा पाऊच आणि मागे स्टिकर; त्यात कमीपणा काही नाही.

नमुना छापून आला की खऱ्या आकारात कागदावर काढा, वही शेजारी घ्या आणि दोघींनी मिळून वाचा: एकीने वही, दुसरीने लेबल. चुकीच्या लेबलला कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते. पाकीट एकदा दुकानात गेलं की त्यावरचे आकडे खरे मानून कुणीतरी रक्तदाबाच्या माणसाला काय द्यायचं ते ठरवत असतं.

मसुद्यावर मत पाठवा

हे काम आपल्यातले फार थोडे करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर काय असावं यावर अजून वाद चालू आहे. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात पदार्थाला गुणांप्रमाणे तारे देण्याची पद्धत सुचवली होती; अनेक डॉक्टर आणि ग्राहक संघटना चिली देशासारखे 'मीठ जास्त', 'साखर जास्त' असे काळे इशारे मागत आहेत; २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात लक्ष घातलं. मी इशाऱ्यांच्या बाजूची आहे. तारे मिरवायला बरे, पण मीठ जास्त आहे हे ताऱ्यावरून कळत नाही. आपल्या चकलीलाही इशारा लागेल, हे माहीत असून मी हे म्हणते.

मत पाठवायचा तक्ता मसुद्याबरोबर दिलेला असतो. त्यात कलमाचा नंबर, आत्ताचा मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर आणि कारण एवढंच भरायचं. कारणात भावना नको, तुमच्या पाकिटाचं माप द्या. उदाहरणार्थ: 'आमच्या ५० ग्रॅमच्या पाऊचची मागची बाजू इतके चौरस सेंटिमीटर, सक्तीचा मजकूर इतकी जागा खातो, मोठ्या अक्षराचं माप दर्शनी क्षेत्रफळाशी जोडावं.' सोबत खऱ्या मापाचा नमुना जोडा. तारीख मसुद्यातच असते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. तालुक्यातल्या पाच-सहा गटांनी एकाच मुद्द्यावर आपापल्या पाकिटांची मापं पाठवली तर त्याला वजन येतं. पाठवलेल्या मेलची प्रत मूळ मसुद्यासकट ठेवा. अंतिम अधिसूचना आली की दोन्ही कागद शेजारी ठेवून काय बदललं ते बघायचं आणि तेवढाच भाग डीटीपीवाल्याकडे पाठवायचा.